ऑप्शन त्यांचा, वर्षं आमची

इंग्लंडमध्ये इतकी वर्षं मी नेमकं काय काम केलं, हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. "तो तिकडे सरकारी कागद करतो," असं ती शेजारी सांगायची, आणि शेजारच्यांना वाटायचं, मी जन्माचे दाखले देतो. दोन-तीनदा मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "पण मग सामान कोण विकतं?" पुढे मी नाद सोडला. निवृत्त होऊन आता बराच काळ झालाय आणि दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिही असा आग्रह झालाय, तेव्हा आईला जे समजावता आलं नाही ते तुम्हाला समजावून बघतो. त्यातली एक हकीकत मला कधीची सांगायची आहे. ती तेवढी गोड नाही.

मी कमर्शियल मॅनेजर होतो. आमची कंपनी लहानशी. कौन्सिलांना, म्हणजे इथल्या नगरपालिकांना, आणि सरकारी हॉस्पिटलांना सॉफ्टवेअर पुरवायची. इंजिनिअर ते बनवायचे, सेल्सवाले ते विकायचे, आणि जे बनवलंय-विकलंय ते करारात बसतं की नाही हे बघायला मी. दोन्ही बाजूंना मी नकोसा. इंजिनिअरांना वाटायचं हा काम अडवतो, सेल्सवाल्यांना वाटायचं हा गिऱ्हाईक पळवतो.

सरकारी खरेदीची गंमत अशी, की तिथल्या माणसाला एखादी वस्तू आवडली म्हणून फोन उचलून मागवता येत नाही. आधी एक मोठी स्पर्धा होते, त्यातून पुरवठादारांची यादी तयार होते. तिला इथे फ्रेमवर्क म्हणतात. यादी ठरावीक काळ जगते. ती जिवंत असेपर्यंत कुठल्याही कौन्सिलनं किंवा हॉस्पिटलनं त्यातला एक पुरवठादार निवडायचा आणि त्याच्याशी स्वतःचा करार करायचा. आणि त्या कराराखाली मग प्रत्येक कामाची वेगळी वर्क ऑर्डर. म्हणजे डब्यात डबा, त्यात आणखी एक डबा, आणि प्रत्येकाच्या झाकणावर मुदत वेगवेगळी. त्या मुदती सांभाळणं हीच माझी नोकरी. लोक म्हणायचे, कॅलेंडर बघायचं काम. बघणं सोपं असतं. कॅलेंडर दुसऱ्याला बघायला लावणं अवघड.

यातला पहिला नियम असा, की यादी मेल्यावर नवा करार होत नाही. पण तिच्या हयातीत झाला असेल, तर ती गेल्यावरही तो चालू राहतो. तिकिटाची खिडकी बंद व्हायच्या आत तिकीट काढलं की झालं, मग नाटक कितीही लांबू दे.

या नियमापायी मी एकदा इल्फर्डला कोबीच्या वाफ्यात उभा राहिलोय. तेव्हा आम्ही स्टॅनमोरला, लंडनच्या दुसऱ्या टोकाला, राहत होतो. पूर्व लंडनमधल्या एका कौन्सिलशी सगळं ठरलं होतं, यादीचा शेवटचा दिवस उजाडला होता, आणि ज्यांची सही हवी ते ट्रेव्हर नावाचे अधिकारी रजेवर. त्यांच्या ऑफिसातल्या बाईंनी कुजबुजत सांगितलं, ते अलॉटमेंटवर असतील. अलॉटमेंट म्हणजे कौन्सिल लोकांना भाजीपाला लावायला भाड्यानं देते तो जमिनीचा तुकडा. मी ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, गाड्या बदलत बदलत तिथे पोचलो. ट्रेव्हरसाहेब गुडघाभर बुटांत, हाताला चिखल. मला बघून म्हणाले, "तू इथपर्यंत आलास? कशासाठी?"

"उद्या आलो असतो तर तुमच्याकडे कोबी असता, माझ्याकडे करार नसता."

ते खो-खो हसले. बादली उलटी करून तिच्यावर कागद ठेवले आणि, सांगायला बरं वाटतं, सगळी पानं वाचून सही केली. जाताना दोन कोबी दिले. कंपनीच्या नियमाप्रमाणे गिऱ्हाइकाकडून भेटवस्तू घेतली की कळवावी लागे. मी कळवलं. आमच्या ऑडिटवाल्यांनी लेखी विचारलं, कोबीची अंदाजे किंमत काय.

असे दिवसही होते. सगळंच वाईट होतं असं नाही.

आता दुसरा नियम. माझी हकीकत त्याच्यावरच उभी आहे. सरकारी करार बहुतेक वेळा असा लिहितात: दोन वर्षं, अधिक एक, अधिक एक. पहिली दोन पक्की. पुढचं एकेक वर्ष म्हणजे ऑप्शन. ऑप्शन म्हटलं की आपल्याला वाटतं, दोघांनाही पर्याय असेल. तसं नसतं. ऑप्शन एकट्या सरकारचा. त्यांनी ठरलेल्या तारखेच्या आत लेखी कळवलं, की पुढचं वर्ष त्याच दरानं काम करायला तुम्ही बांधलेले. नाही कळवलं, तर चाललात घरी. तुम्ही विचारू शकता, आठवण करू शकता, हॉटेलात कॉफी पाजू शकता. उत्तर मागायचा हक्क मात्र तुम्हाला नाही. ते शेवटच्या दिवसापर्यंत गप्प बसू शकतात, आणि सहसा बसतात. त्यांच्या भाषेत याला लवचिकता म्हणतात. पहिल्यांदा हे कलम वाचलं तेव्हा मला त्यात काही गैर दिसलं नव्हतं. कागदावर ते एक वर्ष असतं. त्या वर्षात कोण राहतं, ते कागद सांगत नाही.

सुजाता वानखेडे त्या वर्षात राहत होती.

तोवर कंपनीनं मला मँचेस्टरला नेलं होतं. उत्तरेकडच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलचं काम आम्हाला मिळालं होतं. पेशंटांना अपॉइंटमेंटची पत्रं पाठवणारी त्यांची सिस्टिम आम्ही सांभाळायची. सुजाता नागपूरची, कंपनीनं स्किल्ड व्हिसावर आणलेली आणि या कामाची मुख्य इंजिनिअर. करारात जबाबदार व्यक्ती म्हणून तिचं नावच घातलेलं होतं. ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारायचे, तीही आमच्या कंपनीच्या साहेबांना ग्रॅहम म्हणायची, पण मला मात्र खानोलकर सर. मी एकदा म्हटलं, "अगं, इथे 'सर'चा किताब फक्त राजा देतो." तर म्हणाली, "असू द्या. मराठीत बोलताना नुसतं विनायक माझ्या तोंडून निघत नाही."

तिचा नवरा नितीन. नागपूरला तो इंजिनिअरिंगच्या ऑफिसात नकाशे काढायचा. इथे आल्यावर आधी गोदामात खोकी उचलली, मग ट्रामच्या रुळांची देखभाल करणाऱ्या ऑफिसात लागला. नोकरी लागली तेव्हा त्यानं आम्हाला जेवायला बोलावून झणझणीत वडाभात केला होता. मुलगी रेवा. आली तेव्हा इंग्रजीत बोलायला लाजायची. दोन वर्षांत मराठी बोलायला लाजायला लागली. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी तिची जीसीएसई तोंडावर होती. जीसीएसई म्हणजे इथली दहावी समजा.

सुजातानं त्या सिस्टिममध्ये जीव ओतला होता, त्यालाही कारण होतं. ती नवीन असताना हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर बसून लोक काय करतात ते बघत होती. तिथे एक म्हातारे गृहस्थ आले. हातात अपॉइंटमेंटचं पत्र. ते पत्र त्यांना अपॉइंटमेंट होऊन गेल्यावर मिळालं होतं. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, तुम्ही आला नाहीत म्हणून तुमचं नाव यादीतून निघालं. ते भांडले नाहीत. "ओह, सॉरी," म्हणाले आणि निघून गेले. सुजाता मला म्हणाली, "सर, तो माणूस आपल्याला सॉरी म्हणून गेला हो." त्यानंतर तिनं ती सिस्टिम आतून सगळी उचकटायला घेतली.

पक्क्या दोन वर्षांचा शेवट दिसायला लागला तेव्हा हॉस्पिटलला पत्रांची नवी व्यवस्था हवी झाली. काम मोठं होतं. कराराचं उरलेलं आयुष्य त्याला पुरणारं नव्हतं. आणि वर्क ऑर्डर कराराच्या पुढे जाऊ शकत नाही. डब्यातला डबा बाहेरच्यापेक्षा मोठा कसा असेल? मी हॉस्पिटलच्या खरेदी विभागप्रमुखांना, हेलनना, सांगितलं, आधी ऑप्शनचं पत्र द्या, मग पूर्ण कामाची ऑर्डर काढा. हेलन पन्नाशीच्या, बोलायला मऊ, कामाखाली दबलेल्या. म्हणाल्या, "विनायक, ऑप्शन झाल्यातच जमा आहे. फक्त फायनान्सची सही बाकी आहे. तोवर आपण काम दोन तुकड्यांत करू."

तसे दोन तुकडे केले. पहिली वर्क ऑर्डर कराराच्या शेवटच्या दिवसापर्यंत. दुसरी ऑप्शननंतर. मी लेखी हरकत नोंदवली, की अर्धी जुनी अर्धी नवी अशी सिस्टिम मध्यावर सोडणं धोक्याचं आहे. ग्रॅहम म्हणाला, "नोंदवलीस ना? छान. आता काम सुरू कर."

इथे व्हिसाची गाठ पडते. सुजाताचा व्हिसा करार संपायच्या महिनाभर आधीच संपत होता, कारण कंपनीनं तो करार सुरू व्हायच्या आधी काढला होता, आणि दोनच वर्षांचा. वाढवायचा तर कंपनीनं नवं प्रमाणपत्र, म्हणजे हिला आम्ही कामावर ठेवतोय असा सरकारला दाखवायचा कागद, द्यायचं, सरकारी शुल्क भरायचं. मी ग्रॅहमकडे गेलो. ग्रॅहम वाईट माणूस नव्हता. कुणाचा वाढदिवस विसरत नसे. पण म्हणाला, "ऑप्शन आला नाही तर मी तिला कुठे ठेवू? पत्र आलं की त्याच दिवशी प्रमाणपत्र देतो. वचन."

"आणि पत्र उशिरा आलं तर?"

"तू नेहमी वाईटच का बघतोस?"

"तुम्ही मला त्याचाच पगार देता."

तो हसला. मला तेव्हा हसू आलं नव्हतं.

त्याच सुमारास सुजाताला मँचेस्टरमधल्याच दुसऱ्या एका कंपनीनं बोलावणं धाडलं. बँकांची कामं, पगार बरा, व्हिसा लगेच. ती माझ्याकडे आली. आम्ही कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसलो.

"सर, खरं सांगा. ऑप्शन येणार ना?"

"येईल असं सगळे म्हणतात."

"तुम्ही काय म्हणता?"

"हातात कागद नाही तोवर मी काहीच म्हणत नाही. तू ती नोकरी घे, सुजाता."

तिनं मान खाली घातली. "आत्ता गेले तर काम अर्ध्यावर राहील. जुन्या सिस्टिममधून निम्मी क्लिनिकं नव्या सिस्टिममध्ये गेलीत, निम्मी तिकडेच. मध्ये जे जोडकाम केलंय ते माझ्या डोक्यात आहे. दुसऱ्या कुणाला समजावून द्यायचं तर वेळ हवा, आणि माणूस पण हवा. ग्रॅहम माणूस देत नाही."

"तो तुझा प्रश्न नाही."

"मग कुणाचा आहे?"

पुढच्या आढावा बैठकीत हेलननी सगळ्यांसमोर तिला सांगितलं, "सुजाता, तू आहेस म्हणून मला झोप लागते. पुढचं वर्ष नक्की आहे, काळजी करू नकोस." ग्रॅहमनं मान डोलावली. बाहेर आल्यावर सुजाता म्हणाली, "बघा, सगळ्यांसमोर म्हणाल्या." मी म्हटलं, "म्हणाल्या. लिहिलं नाही." ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की जणू मीच काहीतरी हलकं बोललो होतो. तिनं ती दुसरी नोकरी नाकारली.

आणि मग हॉस्पिटलच्या वरच्या साहेबांना लवचिकता आठवली. हेलनचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा बारीक. डायरेक्टरांचं म्हणणं असं, की ऑप्शन वापरायच्या आधी आम्ही दर कमी करावेत. करारात दर ठरलेले होते. ऑप्शन त्याच दरानं वापरायचा हे कलम त्यांनीच लिहिलेलं. मी ते वाचून दाखवलं. हेलन म्हणाल्या, "मला माहीत आहे. पण ते म्हणतात, वापरायचाच असं कुठे लिहिलंय?"

खरं होतं. नव्हतं लिहिलेलं.

ग्रॅहमनं दर उतरवले. ते आणखी थोडे मागून बघू म्हणाले. ग्रॅहमनं आणखी उतरवले. मग डायरेक्टर सुट्टीवर गेले. मग त्यांची एक समिती होती, ती पुढे ढकलली गेली. मी हेलनला लिहीत होतो. लेखी सूचनेची तारीख येतेय, ती गेली की ऑप्शन मरतो, तुम्हालाही तो परत जिवंत करता येणार नाही. आणि आमच्या मुख्य इंजिनिअरचा व्हिसा यावर अडकलाय, हेही स्पष्ट लिहिलं. हेलनची उत्तरं यायची. "धन्यवाद, वर कळवलं आहे."

ती तारीख आली आणि गेली. त्या दिवशी काहीच झालं नाही. सगळे नेहमीसारखे कामावर आले, कुणाच्या तरी निरोपाचा केक कापला गेला. मी परत ग्रॅहमकडे गेलो. म्हटलं, ऑप्शन असो-नसो, तिला प्रमाणपत्र दे. तिच्यासाठी दुसरं काम काढू. हवं तर मला कमी कर, मी निवृत्तीला आलोच आहे.

तो खुर्चीत मागे रेलला. "विनायक, हे भावनेनं चालत नाही. काम नसलेल्या जागेसाठी व्हिसा काढला तर बाहेरून माणसं आणायचा परवानाच जाईल आपला."

नियमानं त्याचंही बरोबर होतं. या सगळ्या प्रकरणात कुणीही नियम मोडला नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. म्हणूनच राग कुठे ठेवायचा ते कळत नाही.

सुजातानं ती बँकेवाली कंपनी परत गाठून बघितली. जागा भरली होती. आणखी दोन-तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. कुणी विचारलं, लगेच येऊ शकता का, आणि व्हिसाचे किती दिवस उरलेत ऐकून सौजन्यानं फोन ठेवला. आणखी थोडी वर्षं इथे निघाली असती, तर त्यांना कायमचं राहायची परवानगी मिळाली असती. ती वर्षं अशी मध्येच तुटली.

त्यांच्या घराची बांधाबांध चालू होती तेव्हा मी आणि माझी बायको मीनल मदतीला गेलो. नितीन भिंतीवरचे खिळे काढून भोकं बुजवत होता, कारण घरमालक डिपॉझिट कापेल. मला म्हणाला, "सर, मला एवढंच सांगा, काय करून राहिले ते लोक? हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. नाही म्हणाले असते तर आम्ही केव्हाच सुटलो असतो."

मी पक्कड उचलली आणि पुढचा खिळा काढायला लागलो. मीनलनं रेवाला विचारलं, "परीक्षेचं काय गं?" शाळेनं प्रयत्न केला होता, पण आई-वडील इथे नसताना मुलीला एकटीला कुठे ठेवणार? रेवा पुस्तकं दोन ढिगांत लावत होती. एक न्यायची, एक द्यायची. न्यायच्या ढिगात फार थोडी होती.

ते नागपूरला गेले. त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, करार संपायला दोन-तीन दिवस राहिले होते, तेव्हा हॉस्पिटलकडून पत्र आलं. ऑप्शन वापरत असल्याचं. खाली डायरेक्टरांची सही, आणि उतरवलेले दर जाड अक्षरात.

मी ते पत्र दोनदा वाचलं. उशिरा आलेलं. म्हणजे कायद्यानं त्याला अर्थ नव्हता. आयुष्यभर ज्या पत्रांची वाट बघितली, त्यातलं हे पहिलं असं, की ज्याला आम्ही नाही म्हणू शकत होतो. मी उत्तराचा मसुदा केला. तीन ओळींचा. सूचनेची मुदत टळल्यामुळे ऑप्शन संपुष्टात आला आहे. काम चालू ठेवायचं असेल, तर नव्या अटींवर बोलावं लागेल. मी लिहिलेला सगळ्यात चांगला मसुदा होता तो.

ग्रॅहमनं वाचला आणि परत दिला. "हुशारी नको, विनायक. स्वीकारलं म्हणून कळव."

"मग निदान एक अट घालू. सुजाताला परत आणायचा खर्च त्यांनी..."

"स्वीकारलं म्हणून कळव."

मी कळवलं. माझ्या सहीनं. दोघांची संमती असली, की मेलेलं कलमही चालतं झाल्यासारखं करता येतं. हॉस्पिटलला काम हवं, कंपनीला धंदा हवा, कोर्टात कोण जातंय?

ग्रॅहमनं वचन मात्र पाळलं. पत्र आलं त्याच दिवशी त्यानं मला सांगितलं, "सुजाताला फोन कर. प्रमाणपत्र देतो म्हणावं." मी केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "सर, नितीननं इथली जुनी नोकरी हातापाया पडून परत मिळवलीय. रेवाला शाळेत घेताना एक वर्ष खाली बसवलंय. आता परत सामान बांधा कुणाला सांगू? आणि एका वर्षासाठी. पुढच्या वर्षी पुन्हा हेच." मी आग्रह केला नाही. कोणत्या तोंडानं करणार?

पुढच्या आढावा बैठकीला हेलननी टेबलाभोवती बघितलं आणि विचारलं, "सुजाता कुठे आहे?"

मी म्हणालो, "नागपूरला."

"रजेवर?"

"नाही. तुमचं पत्र यायच्या आधी तिचा व्हिसा संपला. मी तुम्हाला लिहिलं होतं."

त्यांचा चेहरा उतरला. खोटा नव्हता तो. "मला वाटलं, ते तुम्ही आमच्यावर दबाव आणायला लिहिताय. सगळेच पुरवठादार शेवटी असं काहीतरी लिहितात."

शेजारी बसलेल्या त्यांच्या सहायकानं चष्मा पुसत सांगितलं, की करारात नाव असलेली व्यक्ती बदलली, तर हॉस्पिटलची पूर्वपरवानगी लागते आणि आम्ही ती घेतलेली नाही. त्यामुळे हा आमच्याकडून करारभंग धरावा लागेल. मी मान हलवली. कलम मला पाठ होतं.

सुजाताच्या जागी आलेला माणूस चांगला होता, मेहनती होता. पण दोन सिस्टिमच्या मधलं ते जोडकाम त्याला उलगडेना. दुसरी वर्क ऑर्डर निघायला आणखी वेळ गेला. मग पत्रं चुकायला लागली. काही लोकांना दोन-दोन जायची, काहींना जायचीच नाहीत. हेलननी मला बाजूला घेऊन विचारलं, "विनायक, तिचा तिकडचा नंबर देशील? तासभर बोलली तरी पुरे. आम्ही मोबदला देऊ."

मी सुजाताला फोन केला. हेलनचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

"नंबर दिलात का सर?"

"तुला विचारल्याशिवाय कसा देईन?"

"मग देऊ नका." पुढे म्हणाली, "मी सांगितलं तर तासाभरात होईल ते, मला माहितेय. त्या पेशंटांची काही चूक नाही, तेही माहितेय. मला रोज ते आठवतं. पण नाही सर. या वेळी मी नाही म्हणतेय, एवढंच त्यांना सांगा."

मी हेलनना तेवढंच सांगितलं. पत्रं चुकत राहिली. ती ठिकाणावर यायला उन्हाळा उजाडला. त्या काळात कोण कोण रिकाम्या हातानं त्या रिसेप्शनवरून परत गेलं असेल, याचा हिशेब कुठल्याही अहवालात नाही. सुजातानं नकार दिला तेव्हा मला मनातून बरं वाटलं होतं, हे लिहून टाकतो. आणि त्या बरं वाटण्याची किंमत कुणीतरी भलत्यानंच भरली, हेही.

त्यानंतर मी कंपनीत फार राहिलो नाही. निवृत्त झालो तेव्हा ग्रॅहमनं छान भाषण केलं. मी किती काटेकोर होतो, ते सांगितलं. हेलननी कार्ड पाठवलं. त्यांच्याकडे आता नियम झालाय म्हणे, की ऑप्शनचा निर्णय कित्येक महिने आधी घ्यायचा. खाली लिहिलं होतं, 'आम्ही त्यातून शिकलो.' मी कार्ड मीनलला दाखवलं. ती म्हणाली, "शिकवणी महाग पडली. फी भलत्यांनीच भरली."

गेल्या हिवाळ्यात मीनल आणि मी भारतात गेलो, तेव्हा वाट वाकडी करून नागपूरला उतरलो. सुजाताचं बरं चाललंय. तिथल्याच एका कंपनीत आहे, हाताखाली माणसं आहेत. नितीननं पुन्हा वडाभात केला. बोलणं सगळं इकडचं तिकडचं. हवा, जागांचे भाव, मीनलचे गुडघे. मँचेस्टरचा विषय कुणी काढला नाही, मीही काढला नाही.

रेवा सोडायला फाटकापर्यंत आली. उंच झालीय. कॉलेजात जाते. मराठी अजून अडखळतं, तिथली मुलं हसतात म्हणे. रिक्षा यायची होती. ती म्हणाली, "काका, एक विचारू? आई सांगत नाही."

"विचार ना."

"ते लेटर आला होता ना शेवटी? एक्स्टेंशनचा?"

"आलं होतं."

"मग आम्हाला परत का नाही बोलावला?"

"बोलावलं होतं, बाळा. पण उशीर झाला होता."

तिनं जरा विचार केला. "हॉस्पिटलला पण उशीर झाला होता ना? मग त्यांचा कसा चालला?"

रिक्षा आली. मीनल आत बसली. रेवा फाटकाला हात लावून उभी होती, उत्तराची वाट बघत. करार वाचून दाखवणं हा माझा धंदा होता. ट्रेव्हरना, ग्रॅहमना, हेलनना मी प्रत्येक कलम समजावून दिलं होतं, कुणी विचारो न विचारो.

"कारण तो करार त्यांचा आणि आमचा होता," मी म्हणालो. "त्यात तुम्ही नव्हता."

"पण आईचं नाव होता त्यात."

"हो," मी म्हणालो. "नाव होतं."